शेरिडन काउंटी : आटत्या भूजलावर शेतकऱ्यांनी घातलेली मर्यादा

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात शेरिडन काउंटी वसलेली आहे. काउंटी हा साधारणतः आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग होय. सुमारे २,३०० चौरस किलोमीटर क्षेत्राच्या या काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार अडीच हजारांहूनही कमी आहे. हॉक्सी हे तिचे मुख्यालय असून, अमेरिकी यादवी युद्धातील सेनानी फिलिप शेरिडन यांच्यावरून तिचे नाव पडले.

हा प्रदेश उंच, सपाट व निमशुष्क आहे. वार्षिक पर्जन्यमान सुमारे ५०० मिलिमीटर असते. गहू व ज्वारी कोरडवाहू येतात. मक्याची मदार मात्र प्रामुख्याने भूजलावर असते. हे पाणी आठ राज्यांखाली पसरलेल्या ओगालाला जलधरातून मिळते. दुसऱ्या महायुद्धानंतर खोल विहिरी, शक्तिशाली पंप व वर्तुळाकार फिरणारे तुषार सिंचन संच आले आणि उपसा नैसर्गिक पुनर्भरणाच्या कितीतरी पुढे गेला.

२०१२ मध्ये राज्याने कायद्यात बदल करून स्थानिकांना उपशावरील मर्यादा स्वतः सुचविण्याची मुभा दिली. राज्याच्या मुख्य अभियंत्याने मान्यता दिल्यावर ती मर्यादा सर्वांवर बंधनकारक ठरते. त्यानुसार २०१३ पासून शेरिडन व शेजारच्या थॉमस काउंटीतील सुमारे २५६ चौरस किलोमीटर क्षेत्रात ‘शेरिडन-६’ योजना लागू झाली. उपसा सुमारे २० टक्क्यांनी घटविणे हे तिचे उद्दिष्ट होते. सिंचनासाठी पाच वर्षांत मिळून ५५ इंच, म्हणजे वर्षाला सरासरी २८० मिलिमीटर पाणी ठरले. अवर्षणाच्या वर्षी अधिक व चांगल्या पावसात कमी पाणी वापरण्याची सवलत त्यात होती. विहिरींवरील जलमापकांमुळे हिशेब चोख राहिला.

शेतकऱ्यांनी मक्याचे काही क्षेत्र ज्वारी व गव्हाकडे वळविले, जमिनीतील ओलावा मोजून पाळ्या ठरविल्या. पहिल्या पाच वर्षांत उपसा उद्दिष्टापेक्षाही अधिक घटला. मक्याचे उत्पादन किंचित कमी झाले. परंतु खर्च वाचल्याने निव्वळ नफ्याला धक्का लागला नाही. योजनेला पुढे मुदतवाढही मिळाली.

पातळीची घसरण मंदावली आहे, थांबलेली नाही. तथापि मोजमाप, सामूहिक निर्णय आणि बहुवार्षिक पाणीवाटप यांची सांगड घातल्यास उत्पन्न राखूनही भूजलाचे आयुष्य वाढविता येते, हा या काउंटीचा अनुभव विस्तार कार्यकर्त्यांना मार्गदर्शक ठरावा.