एका वाड्यातील बिऱ्हाडे

आमच्या इतवाऱ्यातील घरी जिन्याखाली एक जुना संगणक अहोरात्र घरघरत असतो. संगणकांनी घरात आणखी किती जागा अडवावी, हा मंडळींचा प्रश्न रास्त होता. म्हणून त्या एकाच पेटीत आम्ही तीन आभासी यंत्रे थाटली. आभासी यंत्र म्हणजे आज्ञावलीने उभारलेला संगणक. एका वाड्यात नांदणारी तीन बिऱ्हाडेच म्हणा ना! त्यांपैकी एकावर प्रताधिकार संपलेली मराठी पुस्तके ठेविली. गल्लीतील मुले घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी शिकतात. मराठीच्या चार ओळी पुढे केल्या की अडखळतात. त्यांनी सायंकाळी ओसरीवर बसून फोनवर वाचावे, एवढाच हेतू.

पहिल्या सायंकाळी सात मुले आली आणि एकाही फोनवर पान उघडेना. पुस्तकांचे यंत्र स्वतः मात्र बाहेरच्या जगात खुशाल वावरत होते! मुले हिरमुसली; दुसऱ्या दिवशी तिघेच आले. आता विलंब केला तर ओसरी रिकामी पडणार, हे आम्ही ओळखले.

१६१५ साली खानखानाच्या काळात बांधलेल्या आमच्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारातून शहराकडे येई. वाटेत पाणी कोठे अडले हे पाहावयाचे, तर कुंडीकुंडीत डोकवावे. आम्हीही तसेच केले.

पहिली कुंडी पत्त्याची. फोनांचे पत्ते १९२.१६८.१ ने आरंभ होणारे, यंत्राचा मात्र १०.०.२.१५. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नव्या यंत्राची जोडणी मुळात ‘नॅट’ प्रकारची असते. बिऱ्हाडाचे पत्र वाड्याच्या नावाने बाहेर जाते, मालक वहीत नोंद ठेवतो आणि उत्तर आले की ज्याचे त्यास देतो. परक्याने आपणहून धाडलेल्या पत्राची नोंद वहीत नसते. ते दारातूनच परतते. म्हणून जोडणी ‘ब्रिज’ केली, म्हणजे बिऱ्हाडास गल्लीवर स्वतंत्र दार मिळाले.

तरी पत्ता आला तो १६९.२५४ ने आरंभ होणारा! असा पत्ता दिसला की समजावे, राउटरने काही दिलेले नाही, यंत्राने आपला आपण घेतला आहे. संगणक वायफायवर होता, आणि वायफाय बहुधा एका जोडणीमागे एकच कार्ड ओळखते, मागची बिऱ्हाडे नव्हे. काही आज्ञावल्या यातून वाट काढतात म्हणे. आमच्या नशिबी ती नव्हती. चिरंजीवांनी फोनवरून सुचविले, “बाबा, सरळ तार ओढा.” ओढली. राउटरने पत्ता दिला. तो बदलू नये म्हणून राउटरमध्येच राखून ठेविला.

आता पिंगला उत्तर येई, पण पान उघडेना. अडसर यंत्राच्या स्वतःच्या फायरवॉलचा निघाला. ८० क्रमांकाचे दार मोकळे केले, तेव्हा रात्रीचा एक वाजला होता.

शनिवारी पाच मुले आली. एक चिमुरडी हिंदीच्या सवयीने ‘फळा’ला ‘फला’ म्हणाली. शेजारच्या मुलाने तिला लगेच टोकले, आणि दोघांचे भांडण चांगले पंधरा मिनिटे चालले.