इंग्लंडमधल्या शाळेची ऑनलाइन मुलाखत : भारतातल्या आपल्या शिक्षकांची तयारी करून घेताना



गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्यापैकी बऱ्याच घरांत एक फोन हमखास येऊ लागला आहे. सांगलीची मावसबहीण, नाशिकची वहिनी, कॉलेजचा एखादा जुना मित्र. सगळे शिक्षक. "तिकडच्या शाळेत अर्ज केलाय, मुलाखत ऑनलाइन आहे, काय विचारतात रे?" या फोनमागे कारण आहे. १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांना इंग्लंडमधला क्यूटीएस, म्हणजे पात्र शिक्षकाचा दर्जा, मिळवण्यासाठी अर्ज करण्याची वाट खुली झाली. ती ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांसाठी. (स्कॉटलंडचा कारभार वेगळा, तिथे त्यांच्या टीचिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते. इथे फक्त इंग्लंडबद्दल लिहितो आहोत.)

आम्ही चार-पाच जण आयटीवाले. शाळेत शिकवण्याचा अनुभव शून्य, पण कॅमेऱ्यासमोर मुलाखती देणे-घेणे हे रोजचेच. मंडळातल्या दोन शिक्षिका इथल्या सेकंडरी शाळांत आहेत. त्यांना सोबत घेऊन आम्ही शनिवारी सकाळी भारतातल्या मंडळींच्या सराव मुलाखती घेतो. त्यातून जे लक्षात आले ते सांगतो.

आपल्याकडचा शिक्षक विषयाची तयारी करून येतो. ती असतेच पक्की. अडतो तो दुसरीकडे. एक प्रश्न बघा : तेरा वर्षांची मुलगी तास संपल्यावर मागे थांबते आणि म्हणते, "मॅडम, एक सांगायचंय, पण कुणाला सांगणार नाही ना?" तुम्ही काय कराल? आमच्याकडे दहातले आठ जण म्हणतात, "तिला विश्वासात घेईन, कुणाला सांगणार नाही असं वचन देईन आणि मग आई-वडिलांना बोलावून समजावेन." हेतू शंभर टक्के चांगला, पण या उत्तरावर नोकरी जाऊ शकते.

इथे गुप्ततेचे वचन द्यायचेच नाही. शांतपणे ऐकायचे, तिच्या तोंडी शब्द घालणारे प्रश्न विचारायचे नाहीत, ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवायचे आणि लगेच शाळेतल्या डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीडला सांगायचे. आई-वडिलांना परस्पर फोन करायचा नाही, कारण त्रास घरातूनच होत असेल तर त्या फोनने मुलगी आणखी अडचणीत येते. हे कारण समजावून सांगितले की आपल्या शिक्षकांना चटकन पटते. नुसता नियम सांगितला तर ते पाठ करतात आणि प्रश्न थोडा फिरवून विचारला की पुन्हा फसतात. 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन' ही सरकारी पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते. सहसा दर सप्टेंबरला तिची नवी आवृत्ती येते, म्हणून गेल्या वर्षी कुणीतरी पाठवलेली पीडीएफ वापरू नका. पहिला भाग पूर्ण वाचायला सांगा.

याच्याच जोडीला शिक्षेचा विषय. छडी सोडाच, 'बाकावर उभं करते', 'वर्गाबाहेर काढते' असले उल्लेख गमतीतसुद्धा नकोत. वर्गात कुणी ऐकत नसेल तर शाळेच्या बिहेविअर पॉलिसीप्रमाणे आधी ताकीद, मग पुढची पायरी, असे सांगावे. त्या शाळेची पॉलिसी तिच्या वेबसाइटवर असते. ती वाचलेली असली की समोरच्यांना कळते.

विषयाचे म्हणाल तर 'माझा निकाल अठ्ठ्याण्णव टक्के' यापलीकडे गेले पाहिजे. त्यांना ऐकायचे असते ते एका मुलाबद्दल. अपूर्णांकांची बेरीज करताना छेदांचीही बेरीज करणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. तो असे का करतो, तुम्ही कसे ओळखले, काय बदलले आणि त्याला समजले हे कशावरून ठरवले, एवढे नीट सांगितले तर पाच मिनिटे छान जातात. 'तुमचा फसलेला तास सांगा' हा प्रश्नही येतो. त्यावर "असं कधी झालं नाही" म्हणू नये, खोटे वाटते. जीसीएसई गणिताला फाउंडेशन आणि हायर असे दोन स्तर असतात आणि फाउंडेशनला जास्तीत जास्त ५ ही श्रेणी मिळते, इतपत माहिती हवीच. आणि हो, चॅटजीपीटीकडून उत्तरे लिहून घेऊन स्क्रीनवरून वाचू नका. डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना स्पष्ट दिसतात, आम्ही रोज बघतो!

बरेचदा दहा-पंधरा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला सांगतात. पॉवरपॉइंटपेक्षा कागद बरा. पुस्तकांच्या चवडीवर मोबाइल उलटा ठेवून खालच्या कोऱ्या कागदावर कॅमेरा रोखला की झाला फळा. सलग बोलू नये. दर दोन मिनिटांनी प्रश्न विचारून थांबावे.

आता आमच्या धंद्यातले. राउटर इन्व्हर्टरवर, शेजारी दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला फोन हॉटस्पॉटसाठी तयार, खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. पंखा बंद आणि कुकर नंतर. मीटिंगमध्ये 'चिंटूचा टॅब' हे नाव दिसू नये. वेळेचा घोळ मात्र फार होतो : मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारत साडेचार तास पुढे असतो, एरवी साडेपाच. इथले सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात तिकडचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन.

कागदपत्रांत एक गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक नसते. 'टू हूम इट मे कन्सर्न' छापाच्या दाखल्यावर इथे विसंबत नाहीत. शाळा थेट मुख्याध्यापकांना लिहिते, तेही शक्यतो मुलाखतीआधी, आणि उत्तर शाळेच्या अधिकृत ईमेलवरून यावे लागते. तेव्हा सरांना आधीच कल्पना द्यावी. बाळंतपणासाठी, सासूबाईंच्या आजारपणासाठी घरी राहिलेली वर्षे लपवू नयेत. नोकरीतल्या प्रत्येक खंडाबद्दल विचारणे हा सुरक्षित भरतीचाच भाग आहे. सरळ सांगितले की प्रश्न मिटतो. निवडक उमेदवारांचा ऑनलाइन शोधही घेतला जातो, म्हणून फेसबुकवर एक नजर टाकून घ्यावी.

शेवटी पैशांचे. मुलाखत पक्की करून देतो म्हणून दोन-तीन लाख मागणारे एजंट भेटतात. ब्रिटनमध्ये नोकरी शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून फी घेणे शिक्षकांच्या बाबतीत बेकायदा आहे. व्हिसासाठी शाळेकडे किंवा ती चालवणाऱ्या ट्रस्टकडे स्पॉन्सर लायसन्स लागते आणि त्या संस्थांची यादी सरकारी वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुली आहे. नाव शोधायला पाच मिनिटे लागतात, आणि हे काम आपण इथे बसून करून देऊ शकतो. शाळेचा फोन नंबरही एजंटने दिलेला न घेता शाळेच्या वेबसाइटवरचा घ्यावा.

सप्टेंबरच्या जागांच्या जाहिराती मुख्यतः फेब्रुवारी ते मे या काळात येतात, कारण इथल्या शिक्षकांना उन्हाळ्यात नोकरी सोडायची तर ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो. म्हणजे तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू केलेली बरी. आणि ऑफर आली तरी ती पोलीस क्लिअरन्स, रेफरन्स, व्हिसा अशा अटींवर असते. ते सगळे हातात येईपर्यंत तिकडच्या शाळेत राजीनामा देऊ नका, एवढे त्यांना जरूर सांगा.