'नाही' ऐकायची तालीम

बालमित्रांनो, वारणानगरला डिसेंबरात तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यतिथीनिमित्त कुस्त्यांचं मोठं मैदान भरतं, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. हलगी कडाडते, जिंकलेल्या पैलवानाला लोक खांद्यावर घेतात. पुढच्या खेपेला जरा हरलेल्या पैलवानाकडे पाहा बरं का! पाठ मातीनं माखलेली, हजारो डोळे अंगावर. तरी तो उठतो, समोरच्याशी हात मिळवतो नि गर्दीतून वाट काढत निघून जातो. चार दिवसांनी तो पुन्हा तालमीत जोर मारताना दिसेल.

आपल्याला मात्र साधं 'नाही' पचत नाही. कबड्डीच्या संघात नाव नसतं. दोस्त आपल्याला न सांगताच सहलीला जाऊन येतात. एखादी मुलगी स्पष्ट सांगते, "मला तुझ्याशी मैत्री करायची नाही." पोटात गोळा येतो, आणि त्यात मुलगा असला की वर ऐकायचं, "मुलगा असून रडतोस?"

रडू येणारच! 2003 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एक गमतीचा प्रयोग केला. संगणकावर चेंडू फेकाफेकीचा खेळ, आणि मध्येच एकाला चेंडू देणं बंद. तेव्हा त्याच्या मेंदूचा जो भाग जागा झाला, तो शारीरिक दुखण्यातही जागा होतो. म्हणजे नकार खरोखरच लागतो. मुलग्यांना तो कमी लागतो, हे कुणी ठरवलं कोण जाणे.

आता खाशाबा जाधवांचं ऐका. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे पैलवान 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. लाल मातीत वाढलेल्या गड्याला तिथली गादी नवखी होती. पुढं 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी संघ निवडताना त्यांना वगळलं. आपल्याला गुण कमी दिले, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. कुस्ती पुन्हा लावली गेली आणि खाशाबांनी ती जिंकली! हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

इथं एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. प्रत्येक 'नाही' पुन्हा कुस्ती लावण्याजोगा नसतो. संघनिवडीला नियम असतात, गुण असतात, म्हणून तिथं दाद मागता येते. मुलीचा नकार ही काही निवड चाचणी नव्हे. तिथं पंच नाही नि अपीलही नाही. तिचं मन तिचं. पुन्हा पुन्हा विचारणं, मित्रांकरवी निरोप धाडणं, वर्गात तिचं नाव घेऊन चिडवणं म्हणजे मर्दपणा नव्हे, ती दांडगाई झाली. सिनेमातला नायक तसं करतो आणि शेवटी जिंकतो, पण ती गोष्ट लिहिणाऱ्याची मर्जी!

मग पोटातल्या त्या गोळ्याचं काय करायचं? आधी कुणाला तरी सांगायचं. आईला, दादाला, आवडत्या सरांना, नाहीतर एखाद्या जिवलग दोस्ताला. दोन दिवस जेवण गोड लागणार नाही. चालेल. मैदानावर जायचं, घाम गाळायचा. बरेच दिवस झोप येत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच दिवशी घरी सांगून डॉक्टरांकडे जायचं, ताप आल्यावर जातो तसं.

पालकांनो, एक विनंती तुम्हालाही. पोरगा तोंड पाडून घरी आला, तर "कशाला गेला होतास?" म्हणू नका. शेजारच्या मुलाचे गुण तर मुळीच काढू नका. ताट वाढा, शेजारी बसा. तो बोलेल तेव्हा बोलेल.

खाशाबाही एकटे नव्हते. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवून दिलं.