तान्ह्या ताऱ्यांच्या झोतांची सूची

मृग नक्षत्रातल्या ‘एचएच २१२’ या झोताच्या छायाचित्रात मधोमध काहीच दिसत नाही. तिथला तारा अजून धुळीत गाडलेला आहे. दोन्ही बाजूंना मात्र उजळ वायूच्या गाठी रांगेने सुटलेल्या आहेत. डावीकडे जेवढ्या अंतरावर एक गाठ, उजवीकडे जवळपास तेवढ्याच अंतरावर तिची जोडीदार. म्हणजे तारा थांबून थांबून, आणि दर वेळी दोन्हीकडे एकदमच, वायू फेकतो आहे. न दिसणाऱ्या बाळाविषयी एवढं कळावं, हे मला विलक्षण वाटतं.

या गाठी रेण्वीय हायड्रोजनच्या आहेत. त्याचे दोन्ही अणू सारखेच, त्यामुळे थंड असताना हा रेणू जवळपास मुका असतो. झोत भोवतालच्या ढगावर आदळला की वायू दोनेक हजार अंशांपर्यंत तापतो, रेणू कंप पावतात आणि २.१२२ मायक्रोमीटरचा अवरक्त प्रकाश बाहेर पडतो. धूळ दृश्य प्रकाश अडवते, पण या प्रकाशाला बरीच वाट देते.

तो टिपायची रीत साधी. आकाशाच्या एकाच तुकड्याची दोन छायाचित्रं घ्यायची, एक नेमक्या याच तरंगलांबीच्या अरुंद फिल्टरमधून आणि दुसरं रुंद फिल्टरमधून. वजाबाकी केली की तारे पुसले जातात, हायड्रोजन उरतो. खरी कसोटी त्यानंतर लागते. तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनीही हायड्रोजन उजळतो, मरणाऱ्या ताऱ्यांच्या अभ्रिकांमध्येही उजळतो. त्यामुळे आकार पाहून, शेजारी कोणता तान्हा तारा आहे ते शोधून, मगच ‘हा झोत’ म्हणायचं.

झोताची ओळख पटली की प्रश्न उरतो नावाचा. खगोलशास्त्रज्ञ हर्बिग आणि हारो यांच्या नावाचे एचएच क्रमांक मुळात दृश्य प्रकाशातल्या वस्तूंसाठी होते. अवरक्तातल्या काहींनाच ते मिळाले. बाकीच्यांना ज्याने पाहिलं त्याने आपल्या सोयीचं नाव दिलं. अशाने दोन शोधनिबंध एकाच गाठीविषयी बोलताहेत की नाही, हेच कळेना. २०१०मध्ये ख्रिस डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी सुमारे १००० वस्तूंची सूची प्रसिद्ध केली. तारानिर्मितीच्या प्रदेशांनुसार गट पाडून प्रत्येक वस्तूला एमएचओ (रेण्वीय हायड्रोजन-उत्सर्जन वस्तू) क्रमांक दिला. नव्या वस्तूंसाठीही हीच शिस्त ठरली. हवाईतल्या मौना केआवरच्या ३.८ मीटरच्या ‘युकर्ट’ दुर्बिणीने पुढे आकाशगंगेचा पट्टा याच २.१२२ मायक्रोमीटरच्या प्रकाशात धुंडाळला आणि सूचीत भर पडत गेली.

हे काम कुणाला कारकुनी वाटेल. पण झोताचा वेग काढायचा तर जुन्या छायाचित्रातली गाठ नव्यात ओळखता यायला हवी. वेग कळला की काय हाती लागतं, याचं उदाहरण म्हणजे ययाती तारकासमूहातला ‘एचएच २११’. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेलं त्याचं छायाचित्र २०२३मध्ये प्रसिद्ध झालं. झोताचा आतला भाग सेकंदाला ८० ते १०० किलोमीटर वेगाने धावतो, पण पुढच्या वायूच्या तुलनेत त्याचा वेग फारसा जास्त नाही. अशा सौम्य धडकेत हायड्रोजनचे रेणू फुटत नाहीत, आणि म्हणूनच ते चमकताना दिसतात.