भिंतीवरील तीन छिद्रे

पावसाळ्याचे दिवस आहेत. कपडे लवकर वाळत नाहीत, म्हणून शाळेला निघण्यापूर्वी दमट गणवेशावर इस्त्री फिरविण्याची घाई चालली आहे. प्लग भिंतीवरील सॉकेटात बसविला जातो, बटण दाबले जाते, आणि आत ‘चर्र’ असा बारीक आवाज होतो. घाईत त्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. वस्तुतः ती सॉकेटाने दिलेली धोक्याची सूचना असते. अशा सूचना ओळखता आल्या, तर कित्येक अपघात टळू शकतात.

भारतातील घरांना साधारणतः २३० व्होल्ट दाबाची वीज मिळते. सॉकेटाच्या खालच्या दोन छिद्रांमुळे विजेचे मंडल पूर्ण होऊन उपकरण चालू लागते. त्या छिद्रांत प्लगच्या पिना घट्ट बसल्या पाहिजेत. पकड सैल झाली, की त्या जागी विजेला अडथळा होतो, ठिणग्या उडतात आणि उष्णता उत्पन्न होते. मग प्लॅस्टिक करपते, पकड आणखी सैल होते आणि उष्णता आणखी वाढते. अशा रीतीने एखादे दिवशी आगही लागते. म्हणून प्लग डुगडुगणे, सॉकेटातून आवाज किंवा करपट वास येणे, छिद्रांभोवती काळे वा तपकिरी डाग पडणे, झाकण तडकणे किंवा गरम लागणे, ही सर्व चिन्हे धोक्याची समजावीत. भिंतीला ओल आली असेल, तर तेथील सॉकेट मुळीच वापरू नये.

कधी कधी सॉकेट चांगले असते, परंतु त्यावर भार फार पडतो. लहान सॉकेट ६ अँपिअर प्रवाहासाठी आणि मोठे, म्हणजे पॉवरचे सॉकेट १६ अँपिअरसाठी केलेले असते. १००० वॅटची इस्त्री सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह घेते. तो लहान सॉकेटाला झेपतो. २००० वॅटचा गिझर मात्र जवळजवळ ९ अँपिअर घेतो. तो लहान सॉकेटावर चालविणे म्हणजे वासराच्या मानेवर बैलाचे जू ठेवणे होय. एकाच सॉकेटाला अनेक प्लग जोडले, तरी परिणाम तोच होतो.

सॉकेटाचे एक वैगुण्य मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते वरच्या मोठ्या छिद्रामागे दडलेले असते. या छिद्राची तार जमिनीत पुरलेल्या धातूच्या पट्टीपर्यंत किंवा नळीपर्यंत गेलेली असते. या व्यवस्थेस अर्थिंग म्हणतात. इस्त्रीतील एखादी तार निसटून धातूच्या भागाला टेकली, तर वीज या मार्गाने निघून जाते आणि फ्यूज उडतो. परंतु अर्थिंगची तार तुटलेली असेल, तर इस्त्रीला हात लावणाऱ्याच्या शरीरातून वीज जमिनीकडे वाट काढते. तेवढ्या अल्प प्रवाहाने फ्यूज उडत नाही; मनुष्याचे प्राण मात्र जाऊ शकतात. छिद्र आहे म्हणून त्यामागे तार आहेच, असे समजू नये. वायरमनकडून तिची परीक्षा करून घ्यावी. प्लगची मोठी पीन कापून टाकणे हेही तितकेच घातक आहे. घरात आरसीसीबी नावाचे साधन बसविले, तर अवघ्या ३० मिलिअँपिअर विजेची गळती होताच ते पुरवठा तोडते.

मुलांचे काम पाहण्याचे आणि सांगण्याचे आहे. सॉकेट उघडण्याचे नव्हे. वरील चिन्हांपैकी एखादे आढळल्यास वडील माणसांना तत्काळ सांगावे. त्यांनी मेन स्विच बंद करावा आणि वायरमनला बोलवावे. कोणास विजेचा धक्का बसून तो चिकटून राहिला, तर त्याला हात लावू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल, तर मोठ्या माणसाने कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करावे, आणि लगेच वैद्यकीय मदत मागवावी.

वीज ही इमानी सेविका आहे, पण तिला माणूस आणि तार यांतील भेद कळत नाही. तो भेद राखण्याचे काम भिंतीवरील त्या तीन छिद्रांकडे आहे, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचे काम घरातील माणसांकडे.