आंबटाची बरणी आठ दिवस बंद!

इतवारी, बुधवारी, शनिचरा... वारांवरून पडलेली नावं आपल्या नागपूरकरांना काही नवीन नाहीत. कोकणात मात्र एका अख्ख्या समाजालाच वाराचं नाव मिळालं होतं: शनिवार तेली. हे लोक घाण्यावर तेल गाळायचे, पण शनिवारी घाणा बंद. कारण शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस! हे होते बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आडनावं बघा ना: पेणकर, नवगावकर, किहीमकर!

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, असं त्यांची परंपरा सांगते. धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे हिब्रूही विसरली. मग सण कसे टिकले?

स्वयंपाकघरात टिकले!

ज्यूंचा मोठा सण पेसाह, म्हणजे पासओव्हर, मार्च-एप्रिलमध्ये येतो. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याची ही आठवण. निघायची घाई एवढी, की कणीक फुगायलाही वेळ नव्हता. म्हणून या दिवसांत ब्रेड, पाव सगळं बंद. खायची ती बिनखमिराची मात्झा.

कोकणात या सणाला नाव होतं ‘अनशी ढाकाचा सण’. अनस म्हणजे आंबट पाण्याचं भांडं. त्यातलं पाणी चटणीसारखं जेवणात घ्यायचे. सणाचे आठ दिवस ते झाकून ठेवायचं. गोष्ट सांगणारं पुस्तक हाताशी नव्हतं, पण आंबवलेल्याला हात लावायचा नाही, एवढं घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं.

पुस्तक पुढे आलं, तेही मराठीत. सणाच्या रात्री वाचायची पोथी म्हणजे हगादा. मराठी भाषांतरासह ती १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. पुण्याच्या हगादामध्ये तर आपल्याकडच्या पेहरावातल्या बायका जमिनीवर बसून मात्झा करताना दिसतात! ताटात खजुराचा गोड शीराही असतो. गुलामीत विटा रचताना कालवलेल्या चिखलाची ही आठवण.

१९४८ मध्ये इस्रायल झाल्यावर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. आता भारतात ज्यू उरलेत काही हजारच. पेसाहच्या रात्री घरातल्या सगळ्यात लहान मुलाने विचारायचं असतं, की आजची रात्र वेगळी का? मोठ्यांनी गोष्ट सांगायची असते. हा प्रश्न मराठीत विचारणारी मुलं आता कमी होत चाललीत. बरणी झाकून सण राखता आला. भाषा राखायला मात्र कुणीतरी विचारणारं आणि कुणीतरी सांगणारं लागतं.

जगभरातला पेसाह

- इराणी ज्यू जेवताना एकमेकांना कांद्याच्या पातीने गमतीत मारतात. गुलामांना बसलेल्या फटक्यांची ही आठवण.
- मोरोक्कोचे ज्यू सण संपल्यावर ‘मिमूना’ करतात. शेजाऱ्यांसाठी दार उघडं आणि गोड मुफलेटा.
- युरोपातून आलेल्या अनेक ज्यू घरांत या दिवसांत भातही चालत नाही. आपल्या बेने इस्रायलांना चालतो. कोकणी माणूस भात सोडेल होय?