सिंध फुटला नव्हता, तरी माणसे का निघाली?

सिंधी विस्थापितांच्या वसाहतींमधले भाडेपट्टे नियमित करण्यासाठी राज्य सरकारने 2025 मध्ये विशेष अभय योजना मंजूर केली. उशीर फार झाला, तरी निर्णय योग्यच आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा जळगावातल्या 393 जणांचा आकडा छापून आला होता. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या हिंदूंना सरकारने त्या आदेशातून वगळले, म्हणून बऱ्याच घरांचा जीव भांड्यात पडला. कुणाचे आजोबा 1948 ला आले आणि कुणी परवा-परवा आले, तरी दोघांचेही मूळ गाव सिंधमध्येच.

या दोन बातम्यांमुळे एक जुना प्रश्न पुन्हा विचारला जातो. फाळणीत पंजाब आणि बंगाल दुभंगले. सिंध अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. ऑगस्ट 1947 मध्ये तिथे पंजाबसारख्या कत्तलीही झाल्या नाहीत. हिंदू आणि मुसलमान एकाच पिराच्या दर्ग्यावर नवस फेडत होते. 1941 च्या जनगणनेत कराची शहराची जवळपास निम्मी वस्ती हिंदूंची होती. प्रांताचे मुख्यमंत्री अयूब खुहरो यांनाही हा व्यापारी वर्ग जायला नको होता. तरीही 1948 च्या मध्यापर्यंत सुमारे दहा लाख माणसे सिंध सोडून गेली. का?

यादवीतून माणसे का पळतात, याचे उत्तर आपण नेहमी बंदुकीत शोधतो. मला ते वहीखात्यात जास्त सापडते.

जळगावच्या फुले मार्केटमधल्या दुकानदाराला हे वेगळे सांगायला नको. धंदा उधारीवर चालतो आणि उधारी उद्याच्या भरवशावर. शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या पार बुखाऱ्यापर्यंत वटत होत्या, त्या याच भरवशावर. शेठजी जाणार, अशी नुसती कुणकुण लागली की ऋणको हात आखडता घेतो. महिन्याभराने दारात कुणी मागायला येणारच नसेल, तर आज पैसे कशाला द्यायचे? घर विकायला काढावे तर गिऱ्हाईक थांबून राहते, कारण ते रिकामे पडणारच आहे हे त्यालाही कळते. शेजारचे एक कुटुंब गेले की मागे राहिलेल्याच्या घराचा भाव आणखी उतरतो. जो आधी जाईल त्याच्या हाती थोडेफार लागते, जो थांबेल त्याच्या हाती काहीच नाही. मग राहण्याची मनापासून इच्छा असलेला माणूसही सामान बांधू लागतो.

यातली एक अवघड बाजू लपवण्यात अर्थ नाही. सिंधमधली बरीच शेतजमीन हिंदू सावकारांकडे गहाण होती किंवा त्यांच्या मालकीची झाली होती. कर्जात बुडालेल्या जमीनदाराला सावकार जाणे म्हणजे कर्जमाफीच. यादवीला धर्माचे नाव मिळते, पण तिला सरपण पुरवतात असे जुने हिशेब.

त्यात भारतातून लाखो मुहाजिर, म्हणजे मुसलमान निर्वासित, कराचीत उतरले. तेही लुटले गेलेले, तेही बेघर. घरे आणि दुकाने ताब्यात घेतली जाऊ लागली. डिसेंबर 1947 मध्ये सिंधमधल्या हैदराबादेत दंगल झाली आणि 6 जानेवारी 1948 ला कराचीत उरलासुरला धीरही सुटला. उत्तर सिंधमधून निघालेले शीख रेल्वेने शहरात आले होते. त्यांना रतन तलावच्या गुरुद्वारात नेण्यात आले. जमावाने गुरुद्वाराच गाठला. तिथून दंगल शहरभर पसरली आणि दिवसाढवळ्या हिंदूंची घरे लुटली गेली. खुहरो स्वतः रस्त्यावर उतरले होते, पण खालचे पोलीस त्यांचे ऐकतीलच याची खात्री त्या दिवशी संपली. त्यानंतर मुंबईच्या बोटींसाठी बंदरावर रीघ लागली. मुंबईहून कल्याणच्या लष्करी छावण्या आणि पुढे रेल्वेच्या रस्त्याने जळगाव, धुळे.

ही गोष्ट जुनी झाली असे वाटत असेल त्यांनी सुदानकडे पाहावे. तिथला गेझिरा प्रदेश खान्देशी शेतकऱ्याला लगेच कळेल, कारण तो कापसाचा मुलूख आहे. लँकेशायरच्या गिरण्यांसाठी इंग्रजांनी 1925 मध्ये सेन्नारचे धरण बांधून तिथे लांब धाग्याचा कापूस पिकवला. एप्रिल 2023 मध्ये लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर उठले, तेव्हा खार्तूममधून पळालेली लाखो माणसे याच मुलखात आसऱ्याला आली होती. डिसेंबरमध्ये निमलष्करी दलाने वाद मदनी हे तिथले मुख्य शहर घेतले. मग ट्रॅक्टर, बियाणे, धान्याची कोठारे, सगळे लुटले गेले. आसरा देणारे आणि आसऱ्याला आलेले एकाच रस्त्याने निघाले. पेरणीच करता येणार नसेल, तर शेतकरी कशावर थांबणार?

पण पळायलाही ऐपत लागते. 2024 च्या अखेरीस जगात 12 कोटी 32 लाख माणसे घरातून उखडली गेलेली होती. त्यातल्या 7 कोटी 35 लाखांना स्वतःच्या देशाची सीमाही ओलांडता आलेली नाही. सिंधमध्येही हेच झाले. व्यापारी, वकील, शिक्षक निघाले. थरपारकर, उमरकोट, मीरपूरखासकडचे भिल्ल, कोळी आणि मेघवाड बहुतांशी मागे राहिले. खान्देशात भिल्ल वस्ती मोठी आहे, म्हणून हे इथे मुद्दाम सांगितले पाहिजे. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या या लोकांना विकायला घर नव्हते, बोटीचे भाडे नव्हते आणि मुंबईत ओळखीचे कुणी नव्हते. त्यांच्या मागे राहण्याला मातीचे प्रेम म्हणणे सोपे आहे. मला त्यात नाइलाजच जास्त दिसतो. पुढे त्यांच्यातली कुटुंबे जोधपूरच्या वाटेने येत राहिली, तर घोटकी आणि काश्मोरच्या बाजूचे व्यापारी खंडणीसाठीच्या अपहरणांना कंटाळून बाहेर पडतात.

जानेवारी 2025 मध्ये सुदानच्या लष्कराने वाद मदनी परत घेतले आणि लढाई देशात इतरत्र चालू असतानाही लाखो लोक गेझिराकडे परतू लागले. शेत जागेवर होते. सिंधहून आलेल्यांना तशी सोय नव्हती. त्यांची घरे सोडून गेलेल्यांची मालमत्ता ठरून मुहाजिरांना दिली गेली, आणि इकडे भारतातही पाकिस्तानात गेलेल्यांच्या घरांचे तेच झाले. दोन्हीकडच्या सरकारांनी परतीची वाट कायद्यानेच बंद केली. म्हणून इथले पट्टे हा मेहेरबानीचा विषय नाही, आणि व्हिसाच्या मुदतवाढीसाठी दरवेळी कार्यालयात उभ्या राहणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहण्याचेही कारण नाही. त्याचा नागरिकत्वाचा अर्ज वेळेत निकाली काढणे एवढे तरी आपल्या प्रशासनाच्या हातात आहे.